दूरध्वनी मोहीम आणि निवेदनाचा हक्क : उरण तालुक्यातील नागरिकांसाठी मार्गदर्शन

एखादी मागणी किंवा हरकत अनेक नागरिकांनी आपसांत ठरवून, ठरलेल्या काळात, आपापल्या दूरध्वनीवरून लोकप्रतिनिधीकडे मांडली की तिला दूरध्वनी मोहीम म्हणता येते. प्रत्येकाच्या हाती मोबाईल असल्यामुळे हे काम सोपे वाटते आणि या सोपेपणामुळेच ते बहुधा फसते. कारण केलेला फोन आणि नोंदले गेलेले निवेदन यांत मोठे अंतर असते, व ते कसे ओलांडावे याचा विचार मोहिमेआधी क्वचितच होतो. जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण, सिडको, एमएमआरडीए, मध्य रेल्वे, नगरपरिषद आणि ग्रामपंचायती अशा अनेक संस्थांच्या अधिकारांच्या सीमारेषा ज्या एका तालुक्यातून जातात, त्या उरणमधील नागरिकांना तर हा विचार टाळणे परवडणारे नाही.

हक्काचा आधार

भारतीय राज्यघटनेच्या मूलभूत हक्कांच्या भागात कायदेमंडळाकडे गाऱ्हाणे नेण्याचा हक्क या नावाचे स्वतंत्र कलम नाही. तथापि अनुच्छेद 19 मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि शांततेने, विनाशस्त्र एकत्र येण्याचे स्वातंत्र्य यांतून तो निघतो, आणि संसद व राज्य विधिमंडळ यांच्या कामकाजाच्या नियमांत अर्ज स्वीकारण्याची जी तरतूद आहे तिच्यामुळे त्याला प्रत्यक्ष रूप मिळते. याशिवाय अनुच्छेद 350 कडे सहसा दुर्लक्ष होते. कोणत्याही व्यक्तीला आपल्या गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्याच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे अथवा प्राधिकाऱ्याकडे, संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन करता येईल, असे हा अनुच्छेद सांगतो. केगावच्या बागायतदाराने केंद्रीय खात्याच्या बंदर कार्यालयाला मराठीत अर्ज दिला, तर केवळ भाषेच्या कारणावरून तो परत करता येणार नाही, असा त्याचा व्यवहारातील अर्थ आहे.

निवेदनाची ही वाट महाराष्ट्राला नवी नाही. 26 ऑगस्ट 1852 रोजी मुंबईत स्थापन झालेल्या आणि जिच्या उभारणीत नाना शंकरशेट अग्रभागी होते त्या बॉम्बे असोसिएशनने, ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण तोंडावर आले असताना, ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज पाठवला होता. त्यानंतर 2 एप्रिल 1870 रोजी पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हा तिच्या 95 सभासदांना सुमारे 6,000 लोकांनी सह्या करून मुखत्यारपत्रे दिलेली होती. म्हणजे सभा कोणाच्या वतीने बोलते हे कागदावर दाखवता येत होते. सभेची निवेदने सरकारला न आवडली तरी ती सहजासहजी झिडकारता येत नसत, याचे एक कारण या मुखत्यारपत्रांत होते. मागणीच्या मागे नावगाव असलेली, ओळख पटवता येणारी माणसे उभी असावीत ही त्या काळची अट आजच्या दूरध्वनी मोहिमेलाही तशीच लागू पडते, आणि बहुतेक मोहिमा याच ठिकाणी कमी पडतात.

उरणचा अनुभव

उरण तालुक्याला आंदोलन म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यावरून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या लढ्यात 16 व 17 जानेवारी 1984 या दोन दिवशी जासई आणि पागोटे परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत देण्याचे तत्त्व या लढ्यातून पुढे आले. मात्र बंदर प्रकल्पग्रस्तांच्या बाबतीत त्याच साडेबारा टक्क्यांची इरादापत्रे पंतप्रधानांच्या हस्ते वाटली जायला 16 ऑगस्ट 2014 हा दिवस उजाडावा लागला. मधल्या तीस वर्षांत मोर्चे, बंद आणि उपोषणे जशी झाली, तशीच निवेदने, शिष्टमंडळे आणि सभागृहातील प्रश्न यांचीही लांबलचक वाटचाल झाली, जिची आठवण गावोगावच्या स्मृतिदिनी फारशी निघत नाही. पण दि. बा. स्वतः अनेकदा आमदार आणि दोनदा खासदार होते, आणि रस्त्यावर उठलेला प्रश्न सभागृहाच्या कामकाजपत्रिकेवर आणल्याशिवाय सुटत नाही हे त्यांच्या राजकीय आयुष्याकडे पाहणाऱ्याला सहज दिसते.

नवी मुंबई विमानतळाच्या नामकरणाचा क्रमही हेच दाखवतो. 10 जून 2021 रोजी मानवी साखळी झाली, 24 जून रोजी बेलापूरच्या सिडको भवनावर मोठा मोर्चा गेला. त्यानंतर जून व जुलै 2022 मध्ये लागोपाठच्या दोन मंत्रिमंडळांनी दि. बा. पाटील यांच्या नावाच्या बाजूने निर्णय घेतला आणि ऑगस्ट 2022 मध्ये विधिमंडळाने तसा ठराव करून तो केंद्राकडे पाठवण्याचा मार्ग मोकळा केला. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की ठराव झाल्यावर मागणीचा पत्ता बदलला. तोवर आमदार आणि राज्य सरकार यांच्याकडे आग्रह धरणे योग्य होते. विमानतळाच्या नावावर अंतिम मोहोर केंद्रीय मंत्रिमंडळाची असल्यामुळे त्यानंतरचा प्रत्येक फोन खासदाराच्या कार्यालयात जायला हवा होता.

सर्वांत अलीकडचे उदाहरण कर्नाळा-साई-चिरनेर नवनगराचे आहे. मार्च 2024 मध्ये उरण, पनवेल आणि पेण या तालुक्यांतील 124 गावांसाठी एमएमआरडीएला नवनगर विकास प्राधिकरण नेमण्याचा प्रस्ताव अधिसूचनेद्वारे जाहीर झाला आणि त्यावर हरकती व सूचना मागवण्यात आल्या. गावकऱ्यांनी हजारोंच्या संख्येने लेखी हरकती दाखल केल्या, तरीही ऑक्टोबर 2024 मध्ये नेमणूक कायम झाली. यावरून हरकती व्यर्थ असतात असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. हरकत ही प्रशासनापुढची प्रक्रिया असून ती ऐकणारा अधिकारी शासनाला अहवाल देतो, निर्णय मात्र मंत्री घेतात; आणि मंत्र्याला सभागृहात त्या निर्णयाचे उत्तर द्यायला लावण्याचा अधिकार फक्त आमदाराकडे असतो. हजारो हरकती एका दाराशी पोचत असताना दुसरे दार किती हातांनी ठोठावले, हा प्रश्न त्या वेळी विचारला जाणे आवश्यक होते आणि पुढच्या प्रत्येक अधिसूचनेच्या वेळीही तो विचारला पाहिजे.

कोणाला फोन करावा

उरणचा मतदार लोकसभेसाठी मावळ मतदारसंघात आणि विधानसभेसाठी उरण मतदारसंघात येतो. बंदर, रेल्वे, तेल व वायू कंपन्या, विमानतळाचे नाव आणि किनारपट्टी नियमनाची केंद्रीय अधिसूचना हे विषय खासदाराचे आहेत. सिडको, एमएमआरडीए, भूसंपादनाचा मोबदला, गावठाण विस्तार, महावितरण आणि राज्यमार्ग हे आमदाराचे. याखेरीज विधान परिषदेत कोकण पदवीधर, कोकण शिक्षक आणि रायगड-रत्नागिरी-सिंधुदुर्ग स्थानिक स्वराज्य संस्था या मतदारसंघांचे सदस्य असतात, आणि राज्यसभेत महाराष्ट्राचे 19 सदस्य असतात, ज्यांच्याकडे सामान्य नागरिक सहसा वळतच नाहीत. विरोधी बाकावरील परिषद सदस्याने मांडलेली एक लक्षवेधी कधी कधी सत्ताधारी आमदाराच्या दहा पत्रांपेक्षा अधिक काम करून जाते, हे ध्यानात ठेवून मोहिमेची यादी पक्ष न पाहता तयार करावी. गटार, पथदिवे आणि पाणीपट्टी यांसाठी मात्र आमदाराला फोन करू नये. ते काम नगरसेवकाचे किंवा ग्रामपंचायतीचे असून असे फोन मोहिमेत मिसळले की मूळ मागणी हरवते.

सदस्यांचे कार्यालयीन क्रमांक आणि ई-मेल पत्ते लोकसभा, राज्यसभा व महाराष्ट्र विधानमंडळ यांच्या अधिकृत संकेतस्थळांवर मिळतात आणि मोहिमेत तेच वापरावेत. कोणाच्या तरी ओळखीतून मिळालेला घरचा किंवा कुटुंबीयांचा क्रमांक गटांवर पसरवणे अनुचित तर आहेच, शिवाय त्याने मोहीम बदनाम होते.

काय मागावे

या प्रश्नावर मोहिमेचा सर्वाधिक वेळ खर्च झाला पाहिजे. 1985 च्या 52 व्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहाव्या अनुसूचीनुसार, म्हणजे ज्याला पक्षांतरबंदी कायदा म्हणतात त्यानुसार, पक्षाने काढलेल्या पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्या सदस्याचे सदस्यत्व जाऊ शकते. त्यामुळे “या विधेयकाच्या विरोधात मत द्या” अशी मागणी शेकडो लोकांनी केली तरी ती पुरी करणे बहुतेक सदस्यांच्या हाती नसते, आणि जे हाती नाही ते मागितले की गोड बोलून वेळ मारून नेणे सोपे होते. अमेरिकेत पक्षादेशाची अशी कायदेशीर सक्ती नाही. तेथे जानेवारी 2012 मध्ये इंटरनेटवरील मजकुराच्या नियंत्रणाविषयीच्या दोन विधेयकांविरुद्ध विकिपीडियाने एक दिवस आपली इंग्रजी पाने बंद ठेवून वाचकांना आपापल्या प्रतिनिधीचा दूरध्वनी क्रमांक शोधून दिला, सुमारे 80 लाख वाचकांनी ती सोय वापरली आणि दोनच दिवसांत ती विधेयके बाजूला ठेवली गेली. तो प्रकार जसाच्या तसा येथे उचलून चालणार नाही.

येथील सदस्याकडे पक्षादेशाबाहेरची जी साधने आहेत तीच मागावीत. तारांकित प्रश्नाला मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते, जे नंतर न्यायालयातही उपयोगी पडते. लक्षवेधी सूचना ही सार्वजनिक महत्त्वाच्या तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचे लक्ष वेधून त्याच्याकडून निवेदन घेण्यासाठी असते. अर्थसंकल्पी मागण्यांच्या वेळी कपात सूचना देऊन एखाद्या खात्याचा कारभार चर्चेला आणता येतो. लोकसभेत शून्य प्रहर आणि नियम 377 यांखाली मतदारसंघाचा विषय मांडता येतो. मंत्र्याला लिहिलेले पत्र हे सर्वांत साधे साधन असले तरी त्याचा जावक क्रमांक मागून घ्यावा, कारण क्रमांक नसलेल्या पत्राचा पाठपुरावा होऊ शकत नाही.

मागणी एकच असावी आणि ती एका वाक्यात मावली पाहिजे. “उरणच्या पाणथळ जागा वाचवा” ही भावना योग्य आहे, पण तिच्यावर सदस्याने नेमके काय करायचे हे त्यातून कळत नाही. “पाणजे येथील 289 हेक्टर पाणथळ क्षेत्रात भरतीचे पाणी येण्याचे मार्ग खुले आहेत काय आणि नसल्यास ते कोणी व कोणत्या आदेशाने बंद केले, असा प्रश्न पर्यावरणमंत्र्यांना येत्या अधिवेशनात विचारावा” असे म्हटले की कार्यालयाला प्रश्नाचा मसुदाच हाती मिळतो आणि काम टाळण्याची सबब उरत नाही.

वेळ साधणे

राज्य विधिमंडळाची अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशने मुंबईत, तर हिवाळी अधिवेशन नागपुरात होते. अधिवेशन सुरू झाल्यावर फोन करण्याची सर्वसाधारण सवय आहे आणि ती चुकीची आहे, कारण तारांकित प्रश्नांच्या सूचना त्याआधीच द्याव्या लागतात. लोकसभेत ही मुदत किमान पूर्ण 15 दिवसांची असून विधानसभेत प्रश्न त्याहूनही बरेच आधी जातात. म्हणून प्रश्न हवा असेल तर मोहीम अधिवेशनाच्या दीड-दोन महिने आधी करावी, आणि लक्षवेधी हवी असेल तर अधिवेशन चालू असताना, विषय ताजा असेपर्यंत करावी. विधेयकाचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध झाला असेल तर वेळ आणखी कमी असतो. केंद्राच्या 2014 च्या विधिपूर्व विचारविनिमय धोरणात मसुदा किमान 30 दिवस लोकांपुढे ठेवावा असे म्हटले आहे, पण ते धोरण आहे, कायदा नाही. त्यामुळे अधिसूचना दिसल्या दिवशीच तारखा मोजायला लागाव्यात.

फोनवर बोलण्याची रीत

फोन बहुधा सदस्य स्वतः उचलत नाहीत. तो उचलणारे स्वीय सहायक, ज्यांना सर्वत्र पीए म्हणतात, ते रुग्णालयातील खाटेसाठी पत्र, शाळाप्रवेशाची शिफारस, रखडलेला दाखला अशा कामांच्या गर्दीत बसलेले असतात. त्यांच्याशी दरडावून बोलणाऱ्याचे म्हणणे पुढे जात नाही आणि लांबण लावणाऱ्याचेही जात नाही. दीड-दोन मिनिटांत नाव, गाव, मागणी आणि विचारणा या चार गोष्टी बोलून झाल्या पाहिजेत. उदाहरणार्थ : “नमस्कार. मी उरण तालुक्यातील नवघर गावातून अमुक बोलतोय, इथलाच मतदार आहे. उरण-नेरूळ आणि उरण-बेलापूर मार्गावर सकाळच्या वेळी गाड्यांमधले अंतर कधी कमी होणार, असा प्रश्न खासदार साहेबांनी येत्या अधिवेशनात रेल्वेमंत्र्यांना विचारावा, एवढीच विनंती आहे. हे नोंदवून घ्याल का? आपले नाव कळेल का? साहेबांचा निर्णय कळायला परत कधी फोन करू?” शेवटची विचारणा सर्वांत महत्त्वाची आहे, कारण तिच्यामुळे दुसऱ्या फोनचे निमित्त पहिल्याच फोनमध्ये ठरून जाते.

छापील मजकूर सर्वांनी सारखाच वाचून दाखवणे टाळावे. पीएला चौथ्या फोनलाच तो पाठ होतो आणि पुढचे सारे फोन एकाच माणसाचे वाटू लागतात. मागणी एकच ठेवावी, पण कारण प्रत्येकाने आपले सांगावे : करंजाच्या मच्छीमार बाईने बर्फ आणि मासळी घेऊन पहाटे निघण्याची अडचण सांगावी, जासईच्या विद्यार्थ्याने महाविद्यालयाची वेळ सांगावी, बोकडवीऱ्याच्या कामगाराने पाळी सुटल्यावर होणारा खोळंबा सांगावा. आगरी किंवा कोळी बोलीत बोलणाऱ्याने प्रमाण मराठीचे दडपण घेऊ नये. ज्या बोलीत मते मागितली जातात त्या बोलीत मागणीही करता येते. घरातील महिलांनी स्वतःच्या नावाने फोन करावा, पतीच्या नावाने करू नये, कारण मतदार म्हणून त्यांची गणना वेगळी आहे आणि सदस्यांच्या कार्यालयात महिलांचे असे फोन कमी येत असल्यामुळे ते लक्षात राहतात.

एकाच तासात शंभर फोन लागले तर लाईन अडते आणि ज्याला खरोखर रुग्णालयाचे पत्र हवे आहे त्याचा फोन लागत नाही. त्यामुळे वार आणि वेळ गावांमध्ये वाटून घ्यावेत, जसे सोमवारी चिरनेर व खोपटे, मंगळवारी जासई व चिर्ले, बुधवारी केगाव व नागाव. कार्यालयीन वेळेतच बोलावे आणि एका व्यक्तीने ठरलेल्या तारखेआधी दुसरा फोन करू नये. आठवडाभर रोज तीस वेगवेगळ्या घरांतून येणारे फोन एका दिवसातील गदारोळापेक्षा अधिक परिणाम करतात, कारण प्रश्न विझत नाही हे कार्यालयाला त्यातून कळते. प्रत्येक गावात एका व्यक्तीने वही ठेवून तारीख, वेळ, फोन करणाऱ्याचे नाव, कोणाशी बोलणे झाले आणि काय उत्तर मिळाले याची नोंद करावी. पुढे मोहिमेचे निवेदन तयार होते ते याच वहीतून.

संख्येची मर्यादा

मोठी संख्या डोळ्यांत भरते, म्हणून मोहिमा तिच्याच मागे लागतात. 2011 च्या भ्रष्टाचारविरोधी आंदोलनात ठरलेल्या क्रमांकावर लाखो लोकांनी मिस्ड कॉल दिले आणि त्याने वातावरण तापले हे खरे. परंतु मिस्ड कॉलमध्ये ना नाव असते, ना मागणी, ना विशिष्ट प्रतिनिधी, म्हणून तो पाठिंब्याची खूण ठरतो, निवेदन ठरत नाही. वक्फ सुधारणा विधेयकावरील संयुक्त समितीकडे 2024 मध्ये दोन्ही बाजूंकडून मिळून सुमारे 97 लाख निवेदने आली. एवढ्या ढिगाऱ्यातील प्रत्येक निवेदन वाचणे कोणत्याही समितीला शक्य नसते, आणि तेव्हा वाचले जाते ते स्वतंत्र मुद्दा असलेले. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळावा म्हणून हजारो पोस्टकार्डे देशाच्या सर्वोच्च पदांवरील व्यक्तींना गेली, त्यांनी मागणी जागी ठेवली. पण 3 ऑक्टोबर 2024 च्या निर्णयामागे तज्ज्ञ समितीने तयार केलेला पुराव्यांचा अहवालही होता. संख्या आणि पुरावा यांपैकी एकावरच भिस्त ठेवणे धोक्याचे आहे.

कायद्याच्या मर्यादा

मतदाराने सदस्याकडे पुन्हा पुन्हा मागणी केली, त्याच्या भूमिकेवर टीका केली किंवा पुढील निवडणुकीत याचा विचार होईल असे सांगितले तर त्यात गुन्हा नाही. जिवाला, मालमत्तेला किंवा प्रतिष्ठेला हानी पोचवण्याची भीती घातली तर मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम 351 मधील धाकदपटशाचा गुन्हा होतो आणि नाव लपवून केलेल्या धमकीला वाढीव शिक्षा आहे. सभागृहातील वर्तनावरून सदस्याला धमकावणे हा अनुच्छेद 105 आणि 194 खालील विशेषाधिकारांचा भंगही ठरू शकतो. नागरिकाने आपले नावगाव सांगूनच बोलावे या सूचनेला असा दुहेरी आधार आहे : त्याने म्हणण्याला वजन येते आणि धमकीचा संशयही दूर राहतो.

त्रासदायक संदेश पाठवणे हाच गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील कलम 66-अ सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी श्रेया सिंघल प्रकरणात घटनाबाह्य ठरवले. पालघर येथील दोन तरुणींना समाजमाध्यमावरील मजकुरासाठी नोव्हेंबर 2012 मध्ये झालेली अटक त्या याचिकेमागील तात्कालिक कारण होती. तरीही निकाल लागल्याने सर्व भीती संपली असे मानता येत नाही. जुलै 2020 मध्ये पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या मसुद्याविरुद्ध केंद्रीय मंत्र्यांच्या पत्त्यावर मोठ्या प्रमाणावर ई-मेल जाऊ लागल्यावर, ती मोहीम चालवणाऱ्या तरुणांच्या संकेतस्थळाविरुद्ध दिल्ली पोलिसांनी दहशतवादविरोधी कायद्याचे कलम नमूद करून नोटीस काढली. त्यावर टीका झाली, नोटीस चुकून निघाल्याचे सांगून ती मागे घेण्यात आली. पण मधल्या काळात संकेतस्थळ बंद राहिले. त्या तरुणांना असे वागवणे अन्यायाचे होते यात शंका नाही. अशा प्रसंगी आपली मोहीम कोणाकडे, कोणत्या मागणीसाठी आणि कोणत्या तारखांना चालली याचा लेखी पुरावा हाच संयोजकांचा बचाव असतो, म्हणून गावोगावची वही जपून ठेवावी.

एकाच वेळी हजारो क्रमांकांना संदेश पाठवणारी यंत्रणा भाड्याने घेण्याच्या फंदात पडू नये. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या 2018 च्या विनियमांमुळे घाऊक संदेशांवर नोंदणीची बंधने आली आहेत, आणि यंत्राने केलेल्या फोनला कार्यालय जुमानत नाही. सहभागी लोकांच्या क्रमांकांची यादी त्यांच्या संमतीनेच तयार करावी, ती कोणत्याही पक्षाच्या किंवा जमीन दलालाच्या हाती जाऊ देऊ नये. उरणमध्ये सातबाऱ्यावर नाव असलेल्यांच्या क्रमांकांना काय किंमत आहे हे सांगण्याची गरज नाही.

फोननंतरचा कागद

मोहीम संपली की आठ दिवसांच्या आत लेखी निवेदन द्यावे. त्यात मागणी, कारणे, किती गावांतून किती नागरिकांनी कोणत्या तारखांना फोन केले आणि कार्यालयाने काय सांगितले हे क्रमाने लिहावे, सोबत ग्रामसभेचा ठराव जोडावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख यांसह पोच घ्यावी. ग्रामसभेचा ठराव महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाखालील वैध सभेचा निर्णय असल्यामुळे शंभर सह्यांपेक्षा त्याला वेगळा दर्जा आहे.

सदस्याने दाद दिली नाही तर त्याच्या वरच्या संस्थेकडे, म्हणजे सभागृहाकडे जाता येते. लोकसभेत 15 सदस्यांची आणि राज्यसभेत 10 सदस्यांची अर्जविषयक समिती असते. महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांत तिला विनंती अर्ज समिती म्हणतात. संसदेकडील अर्ज हिंदी किंवा इंग्रजीत असावा लागतो, मराठीत लिहिला तर सहीनिशी भाषांतर जोडावे लागते; सही करणाऱ्या प्रत्येकाचे पूर्ण नाव व पत्ता आवश्यक असतो आणि न्यायालयात प्रलंबित असलेला विषय घेतला जात नाही. उरणमधील अनेक जमिनींचे वाद न्यायालयात असल्याने ही शेवटची अट आधीच तपासावी. अशा वेळी मोबदल्याचा वाद बाजूला ठेवून त्याच प्रकल्पातील पुनर्वसन सुविधा, रस्ता किंवा मच्छीमारांच्या वहिवाटीचा मार्ग असा न्यायप्रविष्ट नसलेला भाग वेगळा काढून अर्ज करता येतो.

जिल्हाधिकारी कार्यालयात, म्हणजे अलिबागला, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी होणारा लोकशाही दिन हा प्रशासकीय मार्गही समांतर खुला असतो. निवेदनावर पुढे काय झाले हे कळत नसेल तर माहिती अधिकार अधिनियम 2005 खाली 10 रुपये शुल्क भरून अर्ज करावा. त्यात “कार्यवाहीची माहिती द्यावी” असे मोघम न लिहिता संबंधित आवक क्रमांक, त्या कागदावरील टिपणी आणि तो ज्या ज्या टेबलावर गेला त्यांच्या तारखा मागाव्यात. उत्तर 30 दिवसांत देणे बंधनकारक आहे.

मंत्र्याने सभागृहात “तपासून पाहू”, “बैठक घेऊ” किंवा “कार्यवाही करू” असे म्हटले तर त्या वाक्याची कार्यवृत्तातील प्रत मिळवावी. असे वाक्य आश्वासन म्हणून नोंदले जाते आणि आश्वासन समिती त्याच्या पूर्ततेवर लक्ष ठेवते. लोकसभेत त्यासाठी तीन महिन्यांची मुदत आहे. ही मुदत संपली की मोहिमेची दुसरी फेरी सुरू करावी, आणि त्या वेळी पीएला सांगायचे वाक्य आणखी लहान असेल : अमुक तारखेला अमुक मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या आश्वासनाची पूर्तता झालेली नाही, ते आश्वासन समितीपुढे न्यावे.